खाणीचा पुरवठा आणि आपला हिशेब

आपला यवतमाळ जिल्हा कापसाबद्दल प्रसिद्ध आहे. परंतु वणी तालुक्यांत, वर्धा नदीच्या खोऱ्यांत, जमिनीखालीं दगडी कोळशाचे मोठे थर आहेत, हें भूगोलाच्या तासाला तुम्ही ऐकिलेंच असेल. राजूर, उकणी, निळजई, मुंगोली, कोलार पिंपरी हीं नांवें खाणींमुळेंच दूरवर गेलीं. १९७३ सालीं कोळशाच्या खाणींचें राष्ट्रीयीकरण झालें, आणि १९७५ पासून ह्या भागांतील बहुतेक खाणी नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्स ह्या सरकारी कंपनीकडे आहेत.

खाण म्हटली कीं पालकांच्या मनांत प्रथम नोकरी येते. तें स्वाभाविक आहे. पण खाण हें एक मोठें गिऱ्हाईकही आहे, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. डंपर, शॉव्हेल अशीं प्रचंड यंत्रें आपल्याकडे होत नाहींत. तीं सोडून द्यावीं. परंतु लोखंडी जाळ्या, पाइपांचे आधार, वेल्डिंगचीं कामें, छापील नोंदवह्या, मातीच्या ढिगांवर लावावयाचीं रोपें, तेलकट यंत्रें पुसण्यास लागणारें सुती वेस्ट, ह्यांपैकीं बरेंच येथील कारागिरास करतां येण्याजोगें आहे. कापसाच्या जिल्ह्यानें सुती वेस्टदेखील परक्यांकडून येऊं द्यावें, हें मला तरी चमत्कारिक वाटेल.

अशा लहान उद्योगांसाठीं २००६ सालच्या कायद्याखालीं केंद्र सरकारनें २०१२ सालीं खरेदीचें धोरण ठरविलें. सरकारी कंपन्यांनीं वर्षाच्या खरेदीपैकीं निदान पांचवा हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा असें त्यांत होतें. २०१८ सालीं तो चौथा हिस्सा झाला. त्यांतच अनुसूचित जाति-जमातींच्या उद्योजकांसाठीं ४ टक्के आणि स्त्रियांच्या उद्योगांसाठीं ३ टक्के राखलेले आहेत. 'उद्यम' नोंदणी केलेल्यास निविदेचा फॉर्म फुकट मिळतो व बयाणा भरावा लागत नाहीं. मात्र ही सवलत माल बनविणाऱ्यास किंवा सेवा देणाऱ्यास आहे. नुसता माल आणून विकणाऱ्यास नाहीं.

ह्या धोरणांतील १५ टक्क्यांचा नियम नीट समजून घेतला पाहिजे. लहान उद्योगाचा दर सर्वांत कमी दराहून १५ टक्क्यांपर्यंत अधिक असला, आणि तो कमी दर भरणारा स्वतः लहान उद्योग नसला, तर लहान उद्योगास त्याच कमी दरानें निदान चौथा हिस्सा माल पुरविण्याची संधि मिळते. समजा, १०० लोखंडी जाळ्यांची निविदा निघाली. एका मोठ्या कारखान्यानें जाळीमागें २,००० रुपये दर भरला. वणीच्या एका वेल्डिंगवाल्यानें २,२०० भरला. फरक १० टक्के, म्हणजे तो नियमांत बसला. त्याला आतां २५ जाळ्या २,००० रुपये दरानें देतां येतील. त्यानें लगेच होकार द्यावा काय?

लोखंड १,४००, मजुरी ३५०, वीज व वेल्डिंगच्या कांड्या ९०, वाहतूक ६०, एकूण १,९००. (सोयीसाठीं कर बाजूस ठेवला आहे.) शंभर रुपये सुटले, असें तो म्हणेल. पण लोखंड घेतल्यापासून पैसे हातीं येईपर्यंत तीन महिने गेले आणि भांडवल दरसाल दरशेंकडा १२ नें कर्जाऊ असलें, तर व्याजाचे ५७ रुपये गेले; उरले ४३. पुष्कळ करारांत उशिराबद्दल दर आठवड्यास अर्धा टक्का कापून घेण्याची अट असते. चार आठवडे उशीर झाला कीं आणखी ४० गेले. पंचवीस जाळ्यांवर मिळाले काय, तर ७५ रुपये! सवलतीनें दार उघडतें खरें. पण आपला खर्च किती, हें निविदा भरण्यापूर्वींच ठाऊक नसेल, तर त्या दारांतून आंत जाऊन मनुष्य कर्जांत बुडतो.

बिलाच्या बाबतींत कायदा लहान उद्योगाच्या बाजूचा आहे. माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत; न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज द्यावें लागतें. पण गिऱ्हाइकावर फिर्याद करून पुढील निविदेस त्याच्याच दारीं जाण्याचें धैर्य थोड्यांना होतें. म्हणून २०१७ सालापासूनची 'ट्रेड्स'ची सोय मला अधिक उपयोगाची वाटते. कंपनीनें मान्य केलेलें बिल तेथें हुंडीप्रमाणें वटवितां येतें. थोडी कसर जाते, पण पैसा अडकून राहत नाहीं.

चिली देशांत तांब्याच्या खाणी चालविणाऱ्या बी. एच. पी. कंपनीनें २००९ च्या सुमारास निराळी वाट धरली. 'अमुक माल द्या' असें न सांगतां तिनें आपल्या अडचणी स्थानिक उद्योगांपुढें मांडून उपाय मागितले. पुढें तेथील सरकारी कोडेल्को कंपनीही त्यांत आली. रस्त्यावरची धूळ आणि पावसाळ्यांत खाणींत सांचणारें पाणी हीं वणीकरांच्या रोजच्या पाहण्यांतलीं आहेत. त्यांवरील उपाय वणींतच निघण्यास काय हरकत आहे?

आतां वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं एक उदाहरण. तोच वेल्डिंगवाला वणीऐवजीं यवतमाळास असता, आणि जाळीमागें वाहतूक ६० ऐवजीं ११० रुपये पडली असती, तर माल वेळेवर देऊनही त्याला काय मिळालें असतें, तें व्याजासह वहींत मांडावें. आणि घरीं दुकान किंवा कारखाना असेल, तर तें वडिलांना किंवा आईला दाखवावें.