चित्र परक्याचं, संगणक आपला

२०२० च्या उन्हाळ्यात एका निसर्गचित्रानं कितीतरी अँड्रॉइड फोन निकामी केले. चित्र होतं अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या सेंट मेरी सरोवराचं, आणि त्यात कुणी खोडसाळपणा केलेला नव्हता. छायाचित्रकारानं ते नेहमीपेक्षा विस्तृत रंगप्रणालीत साठवलं होतं, एवढंच. ते वॉलपेपर म्हणून लावलं की अँड्रॉइड १० प्रत्येक बिंदूची उजळता मोजत असे. त्यासाठीचा तक्ता २५६ घरांचा, म्हणजे ० ते २५५. या चित्रात एका बिंदूचा हिशेब २५५ च्या पुढे गेला आणि प्रोग्राम कोसळला. फोन पुन्हा सुरू झाला की पुन्हा तेच चित्र समोर यायचं आणि तो पुन्हा कोसळायचा.

लिनक्स किंवा ओपनबीएसडीवर स्वतःपुरता वॉलपेपर लावणारा प्रोग्राम लिहायला बसणाऱ्यानं ही घटना आधी समजून घ्यावी. मी असा प्रोग्राम सी भाषेत लिहिला तेव्हा चित्र पडद्यावर यायला फारसा वेळ लागला नाही. खरं काम त्यानंतर सुरू झालं. चित्राची फाइल बाहेरून आलेली असते, तिच्यातला प्रत्येक आकडा दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला असतो, आणि ती उलगडणारा कोड मात्र आपल्या नावानं, आपल्या सगळ्या फाइलींवर हक्क ठेवून चालतो.

पहिला धोका रुंदी-उंचीचा. ३८४० × २१६० चं चित्र, बिंदूमागे ४ बाइट, म्हणजे ३,३१,७७,६०० बाइट. इथपर्यंत ठीक. पण पीएनजी फाइलच्या सुरुवातीलाच रुंदी ६५,५३६ आणि उंचीही ६५,५३६ लिहिलेली असेल, तर ३२ बिटांच्या गणितात तो गुणाकार शून्य होतो. मग मेमरी मागितली जाते चिमूटभर आणि बिंदू ओतले जातात शेकडो कोटी. म्हणून आधी भागाकार करून मर्यादा तपासायची, मगच गुणाकार. मेमरी ‘कॅलॉक’नं घेतली तर तिच्या आतला गुणाकार ती स्वतः तपासते, तिला देण्याआधी केलेला गुणाकार मात्र आपली जबाबदारी.

तरीही आपला कोड चोख असून भागत नाही, कारण चित्र उलगडण्याचं काम बहुतेक वेळा तयार लायब्ररी करते. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रांच्या लायब्ररीत हफमन तक्त्यांच्या बांधणीतली चूक उघड झाली. तोवर तिचा गैरफायदा घेतला जात होता, आणि क्रोम, फायरफॉक्ससारख्या ब्राउझरना घाईनं दुरुस्त्या काढाव्या लागल्या. इतक्या जाणत्या लोकांच्या नजरेतून जे सुटलं, ते एकट्या माणसाला सापडेल असं गृहीत धरणं धोक्याचं आहे. त्यामुळे पाठिंबा द्यायच्या चित्रप्रकारांची यादी आखूड ठेवावी. जेपेग आणि पीएनजीवर बहुतेकांचं भागतं.

उरलेला बचाव म्हणजे उलगडणाऱ्या कोडच्या हातात काहीच न ठेवणं. ओपनबीएसडीच्या ५.९ आवृत्तीत, २०१६ साली, ‘प्लेज’ आलं: प्रोग्राम कर्नलला सांगतो की यापुढे मला एवढंच लागेल, आणि त्याबाहेरचं काही मागितलं की तो मारला जातो. लिनक्सवर याच कामासाठी ‘सेककॉम्प’ २००५ पासून आहे, आणि २०१२ च्या ३.५ कर्नलपासून त्यात हवी ती चाळणी लावता येते. ‘एक्सवॉलपेपर’ नावाचा छोटा, वाचायलाही सोपा प्रोग्राम हे दोन्ही उपाय वापरतो. त्याचा कोड नवशिक्यानं जरूर वाचावा.

इथे एक बारकावा सहज निसटतो. पडदा आणि कळफलक सांभाळणाऱ्या एक्स सर्व्हरशी जोडलेला कुठलाही प्रोग्राम साधारणपणे सगळ्या पडद्याचं चित्र घेऊ शकतो आणि इतर खिडक्यांत दाबलेल्या कळाही टिपू शकतो. म्हणजे फाइलींची दारं लावली, पण चित्र उलगडताना एक्सची जोडणी हातात राहिली, तर पासवर्ड टाइप होताना पाहणारा तिथे बसलेलाच आहे. माझ्या मते उलगडण्याचं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये न्यावं: एका पाइपमधून फाइल आत, दुसऱ्यातून नुसते बिंदू बाहेर. एक्सशी बोलणाऱ्या प्रोसेसनं ठरलेल्या लांबीचे बिंदू तेवढे घ्यावेत. सकलेस गटाचा ‘फारबफेल्ड’ हा चित्रप्रकार या मधल्या टप्प्यासाठी सोयीचा आहे: आठ बाइटांची खूण, चार-चार बाइटांत रुंदी नि उंची, पुढे सगळे बिंदू.

एक्सच्या बाजूला शिस्त वेगळी. मूळ प्रोटोकॉलमध्ये एका विनंतीत जास्तीत जास्त २,६२,१४० बाइट मावतात, म्हणून चित्र पट्ट्यापट्ट्यांनी पाठवावं लागतं. अर्धपारदर्शक दिसणारी जुनी टर्मिनलं रूट विंडोवरच्या, म्हणजे सगळ्यांत मागच्या खिडकीवरच्या, एका प्रॉपर्टीतून पिक्समॅपचा, म्हणजे सर्व्हरकडे ठेवलेल्या चित्राचा, क्रमांक वाचतात. प्रोग्राम संपताना पिक्समॅप मागे राहील अशी व्यवस्था केली नाही, तर तो क्रमांक नसलेल्या वस्तूकडे बोट दाखवतो आणि टर्मिनल त्रुटीच्या संदेशासह बंद पडू शकतं. उलट जुना पिक्समॅप काढायला ‘एक्सकिलक्लायंट’ वापरतात, ती हाक त्या क्रमांकाच्या मालक प्रोग्रामलाच संपवते. मालक अजून चालू असला तर वापरणाऱ्याचं उघडं काम जातं. हा क्रमांक ठेवण्यासाठी दोन प्रॉपर्टी प्रचलित आहेत, म्हणून दोन्हींत एकच क्रमांक असेल तरच पुढे जायचं.

एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडवर रूट विंडोच नाही. तिथे ‘स्वेबीजी’सारखा प्रोग्राम चित्र धरून सतत चालू राहतो, त्यामुळे उलगडणं वेगळ्या प्रोसेसमध्ये असण्याची गरज तिथे आणखी वाढते. रोज नवं चित्र इंटरनेटवरून आणायचं असेल, तर ते काम दुसऱ्या प्रोग्रामवर सोपवावं. वॉलपेपर लावणाऱ्यात नेटवर्कची एक ओळही नसावी. आणि लॉगिनच्या वेळी चालणारी शेल स्क्रिप्ट लिहिताना फाइलचं नाव नेहमी अवतरणचिन्हांत ठेवून त्याआधी दोन आडव्या रेघा द्याव्यात, म्हणजे डॅशनं सुरू होणारं नाव पर्याय म्हणून वाचलं जाणार नाही.