जठराचा कर्करोग : वेळीच ओळखता येईल काय?

‘आज जरा पित्त झाले आहे,’ हे वाक्य आपल्या घरांत वरचेवर ऐकू येते. छातीत जळजळ झाली, पोट फुगले, जेवण नकोसे वाटले, की आपण पित्ताचे नाव घेतो आणि एखादी गोळी किंवा सोडा घेऊन मोकळे होतो. बहुतेक वेळा त्यात काही बिघडतही नाही. चार दिवसांत त्रास थांबतो आणि आपण तो विसरून जातो. परंतु याच ‘पित्ता’च्या आड क्वचित एक गंभीर रोग दडलेला असतो. तो म्हणजे जठराचा कर्करोग होय. २०२२ साली जगात सुमारे ९ लाख ६८ हजार लोकांना तो झाल्याचे आढळले आणि सुमारे ६ लाख ६० हजार लोक त्याने मरण पावले. या दोन आकड्यांमधील अंतर किती थोडे आहे, हे पाहिले म्हणजे रोग किती उशिरा लक्षात येतो याची कल्पना येते.

उशीर का होतो, हे समजण्यासाठी आधी जठराची भिंत कशी असते ते पाहू. जठर ही एक स्नायूंची पिशवी आहे. तिचे सर्वांत आतले अस्तर मऊ, ओलसर व घड्यांचे असते. त्याला श्लेष्मल अस्तर म्हणतात. आम्ल व पाचक रस याच अस्तरातील ग्रंथींतून पाझरतात. त्याच्याखाली एक सैलसर थर, मग स्नायूंचे थर आणि सर्वांत बाहेर एक पातळ आवरण असते. कर्करोगाची सुरुवात आतल्या अस्तरात होते. तो तेथेच असेपर्यंत दुखत नाही, सूज येत नाही, जेवणही पूर्वीसारखेच जाते. रोग स्नायूंपर्यंत पोचला, जठर आखडू लागले, रक्त झिरपू लागले, म्हणजे रोग्याला काहीतरी चुकते आहे असे वाटू लागते. तोवर त्याच्या काही पेशी रसवाहिन्यांतून दूर जाऊन यकृतात किंवा अन्यत्र ठाण मांडून बसलेल्या असू शकतात.

१९६२ साली जपानी डॉक्टरांनी एक व्याख्या ठरविली. जो कर्करोग वरच्या दोन थरांच्या पलीकडे गेलेला नाही, त्याला त्यांनी ‘आरंभीचा जठर-कर्करोग’ म्हटले. ही व्याख्या फार उपयोगी ठरली. आरंभीच्या अवस्थेत उपचार झालेल्या शंभर रोग्यांपैकी नव्वदांहून अधिक रोगी पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. रोग दूरच्या अवयवांत पसरल्यावर शंभरांतील दहाही उरत नाहीत. रोगाचे नाव एकच, परंतु केव्हा सापडला यावर एवढा फरक!

अंधाऱ्या पिशवीत डोकावणे

जठरात डोकावण्याची खटपट जुनी आहे. १८६८ साली जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी त्यासाठी एक तलवार गिळणारा कसरतपटू गाठला! मान मागे टाकून सरळ नळी घशाखाली कशी उतरवायची, हे त्या माणसाला धंद्यामुळे ठाऊक होते. नळी जठरापर्यंत गेली खरी, परंतु आत पुरेसा उजेड पाडण्याचे साधन नव्हते, त्यामुळे फारसे काही दिसले नाही.

जपानमध्ये हा रोग फार होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर तेथे कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत जठराचा क्रमांक पहिला होता. त्यामुळे तेथील डॉक्टर उजेडाच्या या प्रश्नाच्या मागे लागले. १९५० साली डॉ. उजी आणि ऑलिंपस कंपनीतील तंत्रज्ञ सुगिउरा व त्यांचे सहकारी यांनी एक अजब यंत्र तयार केले. लवचीक नळीच्या टोकाला चिमुकला कॅमेरा, चिमुकला दिवा व अरुंद फिल्म, असे ते होते. डॉक्टरांना आत काहीच दिसत नसे. दिवा चमकवायचा, अंदाजाने चित्र घ्यायचे, नळी बाहेर काढायची आणि फिल्म धुतल्यावर काय आले ते पाहायचे, अशी ती पद्धत होती.

पुढे प्रकाश वाकवून नेणारे काचतंतू आले. १९५४ साली हॅरोल्ड हॉपकिन्स व पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेता येते हे दाखविले. १९५७ साली हिर्शोविट्झ यांनी अशा तंतूंची दुर्बीण बनविली आणि ती प्रथम स्वतःच्याच घशाखाली उतरविली. आज ‘दुर्बिणीची तपासणी’ म्हणतात ती हिचीच वंशज होय. आता काचतंतूंच्या जागी टोकाशी इलेक्ट्रॉनिक डोळा असतो व चित्र पडद्यावर दिसते.

जपानमध्ये दुसरी वाट क्ष-किरणांची होती. रोग्याला बेरियम सल्फेटचा दाट पांढरा घोट पाजून व जठरात हवा भरून चित्र घ्यायचे, म्हणजे अस्तराच्या घड्या न्‌ घड्या दिसतात. (बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात. सल्फेट विरघळतच नाही, म्हणून ते निर्धोक. रसायनशास्त्रातील विद्राव्यतेचा धडा असा पोटात जाऊन बसतो!) १९६० च्या सुमारास मियागी प्रांतात क्ष-किरण यंत्र बसविलेल्या मोटारी गावोगाव फिरू लागल्या आणि काहीही त्रास नसलेल्या लोकांच्या तपासण्या होऊ लागल्या. १९८३ पासून हा कार्यक्रम देशभर कायद्याने लागू झाला.

आम्लात राहणारा जंतू

रोग लवकर शोधण्याचे तंत्र पुढे जात होते, पण तो होतो कशाने? १९७५ साली कोलंबियात जन्मलेल्या पेलायो कोरेआ या विकृतिशास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले, की हा रोग एकाएकी उपटत नाही. प्रथम अस्तराला अनेक वर्षे दाह होतो, मग ग्रंथी झिजतात, मग जठराचे अस्तर आतड्याच्या अस्तरासारखे दिसू लागते, मग पेशींचे रूप बिघडते आणि शेवटी कर्करोग होतो. या वाटेला पुष्कळदा काही दशके लागतात. परंतु पहिला दाह कोण लावतो, याचे उत्तर तेव्हा नव्हते.

ते ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे मिळाले. रॉबिन वॉरन यांना दाह झालेल्या अस्तराच्या तुकड्यांत वळणदार जंतू वारंवार दिसत. तीव्र आम्लात जंतू जगतीलच कसे, असे म्हणून बहुतेकांनी तिकडे दुर्लक्ष केले. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल मात्र त्यांच्या जोडीला आले. जंतू प्रयोगशाळेत वाढविण्याचे प्रयत्न फसत होते, कारण दोन दिवसांत वाढ दिसली नाही तर बशा टाकून देण्याची रीत होती. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत बशा पाच दिवस तशाच राहिल्या आणि जंतूंची वसाहत उगवलेली आढळली! १९८४ साली मार्शल यांनी हे जंतू स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांत त्यांना मळमळ व उलट्या सुरू झाल्या आणि दहाव्या दिवशी अस्तराला दाह झाल्याचे तपासणीत दिसले. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो आम्लात तग धरतो, कारण त्याच्याजवळ यूरिएज नावाचे विकर आहे. हे विकर जठरातील यूरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते आणि जंतूभोवतीचे आम्ल उदासीन होते.

ही क्रिया तुम्हाला वर्गात करून पाहता येईल. कच्च्या सोयाबीनच्या पिठातही यूरिएज असते. शेतात घालायचा यूरिया चमचाभर घेऊन अर्ध्या पेल्या पाण्यात विरघळवा. त्यात दोन चमचे पीठ ढवळा. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेली कागदाची पट्टी किंचित ओली करून मिश्रणात बुडवा व दर पाच मिनिटांनी नवी पट्टी वापरा. काही वेळाने पिवळी पट्टी लालसर होईल, अमोनियाचा वासही येईल. पीठ आधी चांगले भाजून प्रयोग पुन्हा करा आणि फरक का पडला ते शिक्षकांना विचारा. मिश्रण चाखू नये, हात धुवावेत.

१९९४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला कर्करोगकारक ठरविले. २००१ साली जपानमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जंतू असलेल्या १,२४६ व नसलेल्या २८० रोग्यांवर सरासरी पावणेआठ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. पहिल्या गटात ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला, दुसऱ्या गटात एकालाही नाही. पण या आकड्यांची दुसरी बाजूही पाहा. १,२४६ पैकी १,२१० जणांना त्या काळात तो झाला नाही. जंतू पेरणी करतो, पण पीक येण्यास आणखी काही लागते.

मीठ, धूर आणि बर्फाचे कपाट

त्यातील एक म्हणजे मीठ. खारवलेले मासे, मिठात मुरवलेल्या भाज्या, धुरावर वाळविलेले मांस यांचा आहार जेथे नित्याचा, तेथे हा रोग अधिक आढळतो. जास्त मीठ अस्तराचे संरक्षक आवरण विरळ करते. शिवाय खारवलेल्या व धुरावलेल्या पदार्थांतील नायट्रेट-नायट्राइटांपासून जठरात नायट्रोसो संयुगे बनू शकतात व ती कर्करोगकारक असतात. ताजी फळे व भाज्या यांतील क जीवनसत्त्व ही क्रिया रोखते. तंबाखूचा धूर धोका वाढवितो. जवळच्या नात्यात हा रोग झाला असल्यासही धोका वाढतो. १९९८ साली न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात याला कारणीभूत असा जनुकीय दोषही सापडला. मात्र असे निव्वळ आनुवंशिक रोगी थोडेच असतात.

परिस्थितीचा वाटा किती मोठा, हे जपानी लोकांच्या स्थलांतराने दाखविले. जपानहून अमेरिकेत गेलेल्या पहिल्या पिढीत रोगाचे प्रमाण बरेचसे मायदेशासारखे उंच राहिले. तेथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांत ते खाली आले. वंश तोच, बालपण मात्र वेगळे. हा जंतू बहुधा लहानपणीच, दाटीवाटीच्या घरात, एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचा उलगडा होतो. खुद्द अमेरिकेतही १९३० च्या सुमारास हा फार मोठा मारक रोग होता आणि पुढे तो कोणतीही मोहीम न काढता ओसरला. शीतकपाटे आली, खारवलेले अन्न मागे पडले, घरे मोकळी झाली. मला तर वैद्यकाच्या इतिहासातील हा एक मोठा विजय वाटतो आणि त्याचे श्रेय कोणत्याच डॉक्टराला देता येत नाही!

चाळणी कितपत खरी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धडधाकट माणसांची तपासणी करून खरोखर जीव वाचतात काय? येथे एक फसवा हिशेब आहे. समजा, एक गृहस्थ या रोगाने ६५ व्या वर्षी मरणार आहेत. त्रास सुरू होऊन ६३ व्या वर्षी रोग कळला, तर ते निदानानंतर दोन वर्षे जगले. तपासणीत ५९ व्या वर्षीच कळला, पण उपचाराचा उपयोग झाला नाही व ते ६५ व्या वर्षीच गेले, तर ते निदानानंतर सहा वर्षे जगले! ‘पाच वर्षे जगणाऱ्यांत’ त्यांची गणना होईल, आयुष्य मात्र एका दिवसानेही वाढलेले नाही. म्हणून जगण्याच्या टक्केवारीवर न थांबता मृत्यू कमी झाले काय, हे पाहावे लागते.

दक्षिण कोरियाने ते पाहिले. तेथे १९९९ पासून सरकारी कर्करोग तपासणी सुरू झाली. चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी बेरियमची क्ष-किरण तपासणी किंवा दुर्बिणीची तपासणी करता येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या रोगाने मेलेल्या ५४ हजारांहून अधिक लोकांची तुलना चौपट इतर लोकांशी करण्यात आली. दुर्बिणीने तपासणी करून घेणाऱ्यांत या रोगाने मरण्याचा संभव ४७ टक्क्यांनी कमी आढळला. बेरियमचा फायदा भरला जेमतेम २ टक्के. तपासणीला येणारी माणसे मुळातच प्रकृतीची काळजी घेणारी असतात, त्यामुळे या आकड्यातही थोडी फूग असू शकेल. तरी दोन पद्धतींमधील तफावत बोलकी आहे. जपाननेही २०१६ पासून पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी मान्य केली. रोग अगदी वरच्या थरात सापडला, तर दुर्बिणीतूनच तेवढे अस्तर खरवडून काढता येते, पोट फाडावे लागत नाही.

तैवानच्या मात्सू बेटांवर आणखी मागे जाऊन मुळावरच उपाय झाला. २००४ पासून तेथील प्रौढ रहिवाशांत जंतू शोधून प्रतिजैविके देण्यात आली आणि पुढील वर्षांत या कर्करोगाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले.

मग हेच सर्वत्र का करू नये? गणित करा. समजा, एक प्राथमिक चाचणी १०० रोग्यांतील ९० ओळखते आणि १०० निरोग्यांतील ५ जणांना उगाच संशयित ठरवते. एका प्रदेशात लाखात ५०० रोगी आहेत. तेथे ४५० खरे रोगी सापडतील व ४,९७५ निरोगी घाबरतील, म्हणजे बारा संशयितांमागे एक खरा. दुसऱ्या प्रदेशात लाखात फक्त २० रोगी आहेत. तेथे १८ खरे व ४,९९९ खोटे, म्हणजे सुमारे २७९ संशयितांमागे एक! चाचणी तीच, पण दुसऱ्या ठिकाणी ती डोकेदुखी ठरते.

भारतात दोन्ही प्रकारचे प्रदेश आहेत. मिझोराममध्ये हा रोग देशात फार उंच प्रमाणात आहे. धुरावलेले मांस, डुकराच्या चरबीपासून आंबवलेले ‘सा-उम’ आणि तंबाखूचा धूर पाण्यातून काढून केलेले ‘तुइबुर’ यांचा संबंध तेथील संशोधकांनी तपासला आहे. काश्मीरमध्येही प्रमाण मोठे आहे. महाराष्ट्रात ते त्या मानाने बरेच कमी. चमत्कारिक गोष्ट अशी, की हा जंतू मात्र भारतभर पसरलेला आहे. जंतू एवढा आणि कर्करोग एवढा कमी, हे कोडे अजून सुटलेले नाही. जंतूच्या जातींतील फरक, आहार, इतर संसर्ग अशी अनेक अनुमाने आहेत. आपल्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांचा समावेश आहे, जठराचा नाही, याचे कारण वरील गणितावरून समजेल.

म्हणून आपल्याकडे प्रश्न सरसकट तपासणीचा नसून योग्य माणसाने योग्य वेळी जाण्याचा आहे. आई, वडील किंवा भावंडाला हा रोग झाला असेल, त्याने डॉक्टरांना ते आपणहून सांगावे. पन्नाशीच्या पुढे प्रथमच सुरू झालेले ‘पित्त’, कारण नसता घटणारे वजन, दोन घासांतच पोट भरणे, गिळताना अडखळणे, वरचेवर उलट्या, डांबरासारखा काळा शौच, कारण न सापडणारा पंडुरोग, यांपैकी काही असेल तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नये. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी कर्करोगाच्या व्रणाचाही त्रास काही काळ थांबू शकतो. तेव्हा गोळीने बरे वाटले, म्हणजे रोग नाही, असे होत नाही.

तपासणीसाठी सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते. घशात बधिरता आणणारा फवारा मारतात, हवे तर गुंगीचे औषधही देतात. मुख्य काम पाच-दहा मिनिटांत उरकते. संशय वाटल्यास दुर्बिणीतून आत सोडलेल्या बारीक चिमट्याने अस्तराचे कण काढतात. काही कण सूक्ष्मदर्शकाखाली जातात. एक कण यूरिया घातलेल्या पिवळ्या जेलीवर ठेवतात. जंतू असेल तर जेली हळूहळू गुलाबी होते, तुमच्या वर्गातील हळदीच्या पट्टीप्रमाणेच.