गडाखाली खणायला जाऊ नको

माहूर

चि. बाळू यास,


काल बाजारात एकजण म्हणाला, तुमचा भाचा रात्री दोघा मित्रांसोबत गडाच्या पायथ्याशी धातू हुडकायचं मशीन फिरवत होता. डच कंपनीचा तांब्याचा पैसा लाखाला जातो, असं मोबाइलवर पाहिलंस म्हणे. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

लेकरा, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. कायदा 1878 चा, पण आजही लागू आहे. लपवलं तर वर्षभर कैद होऊ शकते. आक्कानं एकटीनं शेती करून तुला नांदेडला शिकायला ठेवलं, ते पोलिसांचं बोलावणं यायला?

आणि ती नाणी इथं येतील कुठून? डचांची वखार वेंगुर्ल्याला, सतराव्या शतकातली. तू ज्याच्या मागं लागलास तो तांब्याचा पैसा म्हणजे दुईट, तो हॉलंड, झीलंड, उत्रेख्त अशा प्रांतांनी अठराव्या शतकात कंपनीसाठी पाडला. तो फिरला जावा आणि सिलोनकडं. शिवाय इतका पाडला, की साधा दुईट आजही स्वस्तात मिळतो. लाख कुठले रे? जुनी नाणी विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावानं कमिशन उकळणारे निघाले, तेव्हा 2021 मध्ये बँकेनंच लोकांना सावध केलं. तू कुणाला पैसे तर पाठवले नाहीस ना? आणि रात्री गडाखाली गेला होतास का, तेवढं खरं सांग.

नाणी जमवणं वाईट नाही. उजेडात, पावती घेऊन, जाणत्या माणसाकडून घे. दुईटच्या एका बाजूला मोठा व्ही, त्याच्या दोन पायांवर ओ आणि सी, खाली साल. दुसऱ्या बाजूला प्रांताची मुकुटवाली ढाल. कडेला जोडाची रेघ आणि अंगावर बारीक खड्डे दिसले, तर ते ओतीव, नकली समज. चिंचेनं घासू नको, तांब्यावरचा जुना रंग गेला की मोल गेलं.

आपल्या देव्हाऱ्यातली डबी तुला ठाऊक आहे. शिवराया, निजामाचे भोकाचे पैसे. आजोबा ती उघडून बसायचे तेव्हा मला बाहेर पळायची घाई असायची. कुठलं नाणं कुणाकडून आलं, हे त्यांना विचारायचं राहूनच गेलं. आता सांगणारं कुणी नाही. म्हणून तुझी आवड पाहून मनातून बरं वाटलं होतं रे, तीच तुला रात्री रानात नेते म्हणून जीव घाबरतो.

रागानं लिहिलं, मनावर घेऊ नको. पैशाची नड असली तर मला सांग, लाजू नको. ते मशीन ज्याचं त्याला परत दे. नवरात्रात ये, डबी तुझ्या हवाली करतो. आक्काला मी यातलं काही बोललो नाही. तिला आजच फोन कर, तू जेवलास की नाही एवढंच ती रोज मला विचारते.

तुझा,
मामा