स्वतःच्याच प्रेमात पडलेला जोडीदार

'मी' या शब्दाशिवाय ज्यांचे वाक्यच सुरू होत नाही अशी माणसे प्रत्येक गावात असतात. निवडणुकीच्या पॅनेलात, भावकीच्या बैठकीत, हळदीच्या मांडवात ती भेटतात. आपण हसून सोडून देतो, आणि ते बरोबरच आहे. बढाईखोर माणूस म्हणजे आजारी माणूस नव्हे. पण याच स्वभावाचे टोक गाठले गेले की त्याला वैद्यकशास्त्रात नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात आणि त्याची सर्वाधिक झळ लग्नाच्या जोडीदाराला लागते.

पाण्यातल्या आपल्याच प्रतिबिंबावर भाळलेला नार्सिसस हा ग्रीक पुराणकथेतला तरुण. त्याच्यावरून हे नाव पडले. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या वर्गीकरणात या विकाराला स्वतंत्र जागा दिली. मराठीत आपण त्याला आत्मप्रेमी व्यक्तिमत्त्व विकार म्हणू. 'स्वमग्नता' मात्र म्हणू नये, तो शब्द ऑटिझमसाठी रूढ झाला आहे आणि त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

या वर्गीकरणात नऊ लक्षणे दिली आहेत. त्यांपैकी किमान पाच असावी लागतात, ती तरुणपणापासून असावी लागतात आणि घरी, कामावर, मित्रांत सगळीकडे दिसावी लागतात. घरगुती भाषेत सांगायचे तर, आपण इतरांपेक्षा वरचे आहोत ही पक्की समजूत, सतत कौतुकाची भूक, आपल्याला खास वागणूक मिळालीच पाहिजे हा हट्ट, आपल्या कामासाठी दुसऱ्याला वापरून घेणे, आणि दुसऱ्याला काय वाटते याची दखलच नसणे. बायको तापाने फणफणली आहे आणि याला राग येतो तो जेवण उशिरा झाल्याचा. वरून दिसणारा हा ताठा आतून फार नाजूक असतो, हे पुष्कळांना माहीत नसते. भाजीत मीठ जास्त झाले असे चारचौघांत म्हटलेले चालते, पण 'तुमचा हिशेब चुकला' असे म्हटले की आठवडाभर अबोला.

गंमत अशी की या विकाराचा रुग्ण दवाखान्यात सहसा येत नाही, येतो तो त्याचा जोडीदार. आमच्या दापोडे, वळ, राहनाळच्या पट्ट्यात गोदामवाले आहेत, यंत्रमागवाले आहेत, हमाली करणारे आहेत. तक्रार सगळ्या थरांतून तीच येते. डोके दुखते, छातीत धडधडते, झोप नाही, पित्त वर येते. तपासण्या ठीक निघतात. बाईला प्रश्न विचारला की उत्तर नवरा देतो. तो क्षणभर बाहेर गेला की ती हळूच विचारते, "डॉक्टरसाहेब, माझंच काही चुकत असंल का?" वर्षानुवर्षे प्रत्येक भांडणाचे खापर आपल्या डोक्यावर फुटले की माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचाही विश्वास उडतो. झोपेच्या गोळ्यांनी हे बरे होत नाही.

मग लग्नाच्या वेळी कोणाच्या लक्षात कसे येत नाही? कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डेल्रॉय पॉल्हस यांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी विद्यार्थ्यांचे गट आठवड्याला एकदा, असे सात वेळा भेटले. पहिल्या भेटीत आत्मप्रेमी विद्यार्थी सगळ्यांना आवडले, सातव्या भेटीपर्यंत ते नकोसे झाले. आपल्याकडे मुलगा पाहण्याचा कार्यक्रम एकाच भेटीत उरकतो, आणि ती भेट या माणसांच्या हातखंड्याची असते!

पण हा पुरुषांचाच रोग आहे असे समजू नका. निदान पुरुषांत जास्त होते, एवढे खरे. अमेरिकेत १४६ नवविवाहित जोडप्यांचा चार वर्षे पाठपुरावा करून २०१६ मध्ये निष्कर्ष छापले गेले. त्यात पत्नीच्या स्वभावात हा गुण जास्त असेल तर संसारातील समाधान अधिक वेगाने घसरले, पतीच्या बाबतीत तसा परिणाम फारसा दिसला नाही. अर्थात ही तिकडची जोडपी, आणि यात स्वभाव मोजला होता, विकार नव्हे. आपल्याकडे सून सासरी येते, एकत्र कुटुंब असते, तेव्हा आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. असा जोडीदार असेल तर घटस्फोट होणारच का, असे लोक विचारतात. कोणी छातीठोकपणे टक्केवारी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. कलह वाढतो, पण कित्येक जोडपी काडीमोड न घेता एका छपराखाली परक्यासारखी राहतात.

न्यायालयात या विकाराचे नाव चालते का? हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचे कारण आहे. पण नुसते निदान पुरत नाही, सोबत राहणे अपेक्षित धरता येणार नाही इतकी त्याची तीव्रता हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता खटल्यात सांगितले. बहुतेक प्रकरणे चालतात ती क्रूरतेच्या मुद्द्यावर. त्यातला पायाभूत निकाल आपल्या पुण्याच्या दास्ताने दाम्पत्याचा, १९७५ सालचा, न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी दिलेला. त्यात आत्मप्रेमी विकाराचा विषय नव्हता. पत्नीच्या मानसिक आजाराचा पतीचा आरोप टिकला नाही, तिच्या वागण्यातील क्रूरता मात्र न्यायालयाने मान्य केली. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा इथे लागत नाही, हेही त्यातच स्पष्ट झाले. तरीही पतीची मागणी फेटाळली गेली, कारण त्यानंतरही संसार चालू राहिल्याने त्याने ते वर्तन माफ केले असे ठरले. अशी माफी सशर्त असते, त्रास पुन्हा झाला तर जुन्या गोष्टीही जिवंत होतात. मुस्लिम भगिनींना १९३९ च्या कायद्यात क्रूरतेचा आधार आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा कोणत्याही धर्माच्या स्त्रीला शाब्दिक, मानसिक आणि पैशाच्या कोंडीविरुद्धही दाद देतो. म्हणून 'माझा नवरा नार्सिसिस्ट आहे' हे सिद्ध करण्यामागे लागू नका. काय घडले ते तारखेनिशी वहीत लिहा आणि वही माहेरी ठेवा.

या विकारावर खास असे औषध नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे दीर्घकाळ बोलून उपचार करावे लागतात, आणि ते लागू पडतात ते 'माझेही चुकते' असे ज्याला थोडे तरी वाटते त्याला. अशी माणसे येतात ती धंदा बुडाल्यावर, दारूने पोखरल्यावर किंवा बायको मुलांना घेऊन गेल्यावर. ती वेळ वाया घालवू नये, टोमणे न मारता ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात घेऊन जावे. मारहाण होत असेल तर मात्र दोघांना एकत्र बसवून समजूत घालण्याचा घाट नातेवाइकांनी घालू नये. तिथे जे बोलले जाते त्याचा सूड रात्री घरी उगवला जातो. अशा वेळी आधी १८१ ही महिला हेल्पलाइन किंवा ११२. स्त्रियांना मोफत वकील मिळतो, मिळकतीची अट नाही, विधी सेवा समितीचा क्रमांक १५१००. आणि मन मोकळे करण्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येते.