आधी हात फिरवायचा, मग रंग

बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गाडी दुरुस्तीला आली की आधी धुऊन घ्यायची, मगच तिच्याखाली शिरायचं, हा त्यांचा शिरस्ता. "चिखल निघाल्याशिवाय खाली काय झालंय ते कळायचं कसं?" असं ते अजूनही म्हणतात. साताऱ्यात घराच्या अंगणात दर दसऱ्याच्या आधी मी आमची छोटी गाडी स्वतः साफ करतो. पावसाळ्यात आंबेनळी घाटातून महाडला सासुरवाडीला फेऱ्या होतात आणि तिथली तांबडी माती बॉनेटखाली पार आतपर्यंत जाऊन बसते. तीन वर्षांपूर्वी ब्रेकचे कॅलिपरही रंगवले. कॅलिपर म्हणजे पुढच्या चाकाची डिस्क दोन्ही बाजूंनी आवळून धरणारा लोखंडी भाग. अलॉय व्हीलच्या फटींतून तो सरळ नजरेस पडतो आणि त्याला गंज चढला की धुतलेली गाडीही कळाहीन वाटते. या कामात जे हाताला लागलं ते इथे मांडतो.

१. नुसत्या जॅकवर विसंबून चाक काढून बसू नये. गाडीसोबत येणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. मी दोन घोड्या विकत आणल्या. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे, आणि चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट सैल करून घ्यायचे. घोडीऐवजी विटा रचणारे लोक मी पाहिलेत. वीट तडकते तेव्हा आधी सांगत नाही.

२. ब्रेकची काळी पूड फुंकून उडवू नये. ती पॅडची आणि डिस्कच्या लोखंडाची झीज असते, छातीत जायला नको. नाकाला मास्क लावून, पाण्याचा फवारा मारून, ओल्या फडक्यानं ती टिपून घ्यावी. मग तारेचा ब्रश, त्यानंतर १२० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी ब्रेक क्लीनर. माझा निम्मा दिवस एवढ्यातच गेला आणि तो जायलाच हवा. तेलकट किंवा गंजलेल्या लोखंडावर मारलेला रंग महिन्याभरात पापुद्र्यांनी सुटतो.

३. घासताना डोळे उघडे ठेवावेत. माझ्या तीन वर्षांच्या खटाटोपातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. डाव्या चाकाच्या रिमवर उजव्यापेक्षा जास्त काळं साचतं, हे मला महिनोन् महिने दिसत होतं आणि मी ते धूळ म्हणून पुसून टाकत होतो. कॅलिपर घासताना तो हातानं मागेपुढे सरकवून पाहिला. उजवीकडचा हलला, डावीकडचा हलेना. ज्या दोन पिनांवर तो सरकतो त्यातली खालची पिन जाम झाली होती. तिचं रबर फाटून आत पाणी गेलेलं, ग्रीस वाळून खडबडीत झालेलं. आतल्या बाजूचा पॅड जेमतेम दोन मिलिमीटर उरला होता, बाहेरचा मात्र जाडजूड. पायाखाली ब्रेक नीट लागत होता, त्यामुळे शंकाच आली नव्हती. घाट उतरताना त्या एका चाकावर काय बेतलं असतं, या विचारानं मी पॉलिश पेपर खाली ठेवून पायरीवर बसलो. बाबांनी पिन निरखली आणि एवढंच म्हणाले, "रंग राहू दे. आधी हे." नवी पिन, नवं रबर आणि नवे पॅड त्याच आठवड्यात आमच्या मेकॅनिकनं बसवले. या पिनांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लागतं. साध्या ग्रीसनं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

४. कुठे रंग लावायचा नाही, ते आधी ठरवावं. डिस्क, पॅड, पिस्टन आणि पिनांची रबरं, ब्रेक ऑइलची हवा काढायचं निपल, चाक जिथे हबला टेकतं ती जागा. हे सगळं मास्किंग टेपनं आणि जुन्या वर्तमानपत्रानं झाकून घेतलं. कॅलिपर सोडवलाच, तर तो होजवर लोंबकळत ठेवू नये. तारेनं वर बांधून ठेवावा.

५. साधा स्प्रे रंग इथे टिकत नाही. घाटात डिस्क दोनशे अंशांच्या वर सहज तापते, त्यामुळे डब्यावर कॅलिपरचा किंवा जास्त उष्णतेचा म्हणून लिहिलेला रंगच घ्यावा. स्प्रेपेक्षा ब्रशनं लावलेला मला बरा वाटला, इकडेतिकडे उडत नाही. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात द्यावेत. पावसाळी दमट हवेत हे काम काढूच नये. मी ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहतो. लाल रंग सगळेच मारतात. मी करडा मारला, मला तोच शोभून दिसतो.

६. ब्रेक ऑइल रंग खातं. पिस्टन मागे ढकलला की बॉनेटखालच्या डबीतली पातळी वर येते आणि काठोकाठ भरलेली असेल तर बाहेर सांडते. एक थेंब माझ्या लक्षात आला नाही, फेंडरवर नखाएवढा फोड अजून आहे. थेंब पडल्या पडल्या भरपूर पाणी ओतावं.

७. चाकं बसवल्यावर, गाडी हलवण्याआधी, ब्रेकचा पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहावं. मागे ढकललेला पिस्टन पहिल्या दाबाला पॅडपर्यंत पोचत नाही. मग गल्लीतच सावकाश एक फेरी आणि नट पुन्हा एकदा तपासायचे.

८. आता इंजिन. पहिल्या वर्षी मी पाइप लावून सरळ पाणी मारलं. संध्याकाळी गाडी मिसिंग मारायला लागली, कारण स्पार्क प्लगच्या खळग्यांत पाणी साचलं होतं. कॉइल काढून, कापडानं टिपून, रात्रभर बॉनेट उघडं ठेवलं तेव्हा ठीक झालं. आता इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढतो, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधतो. पातळ केलेला डिग्रीझर, जुना टूथब्रश, एक इंची रंगाचा ब्रश आणि ओलं फडकं एवढ्यावर काम होतं. रॉकेलनं इंजिन पुसायची जुनी सवय सोडावी. त्यानं रबरी पाइप फुगतात आणि आगीचा धोका वेगळाच. चकाकी देणारा स्प्रे फक्त प्लास्टिकवर, बेल्टवर चुकूनही नाही.

९. वायपरखालच्या जाळीतली पानं हातानं काढावीत. आमच्या दारच्या गुलमोहराची बारीक पानं तिथे कुजून पाणी जायची वाट बंद करतात. दुसऱ्या वर्षी तिथेच उंदरानं चिंध्या आणून घर केलेलं सापडलं आणि शेजारच्या वायरीवर दातांच्या खुणा होत्या.

१०. साफ केल्यावर आठ-दहा दिवसांनी टॉर्च घेऊन पुन्हा एकदा बघावं. यंदा मुलीनं टॉर्च धरला होता. टॅपेट कव्हरच्या कडेला, मागच्या बाजूला, दोऱ्याएवढी ओली रेघ तिलाच आधी दिसली. मातीच्या थरात ती कधीची मुरत होती कोण जाणे. "आजोबा, इथे ओलं आहे," तिनं हाक मारली. बाबा चष्मा लावून आले, रेघेवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाले, "पॅकिंग गेलंय. बरोबर पकडलंस."