उन्हाळा नेमका कधी? पनवेलचा, नागपूरचा आणि लेहचा



"भारतात उन्हाळा कोणत्या महिन्यांत असतो?" असं विचारलं की वर्ग एका सुरात ओरडतो, "मार्च ते मे!" उत्तर बरोबर आहे, मार्कही पूर्ण मिळतात. पण पनवेलच्या कुठल्याही वर्गात मुलं कुठकुठली बसलेली असतात ते आठवा. कोणाचं गाव साताऱ्याकडे, कोणाचं नागपूरकडे, कोणाचं उत्तर प्रदेशात, तर कोणाचं केरळात. सहावीच्या वर्गात मी एकदा सहज विचारलं, "तुमच्या गावी सगळ्यात जास्त कधी तापतं?" चौघांनी चार उत्तरं दिली: मार्च, एप्रिल, मे, जून. आणि चौघांचंही खरं होतं! तेव्हापासून हा पाठ मी याच प्रश्नाने सुरू करते.

आधी आपल्या सहा ऋतूंकडे बघू. पाठांतर असं : चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा. आता कोकणातल्या मुलाला विचारा, आषाढात काय असतं? तो सांगेल, धो धो पाऊस. आणि आपण 'वैशाख वणवा' म्हणतो तो वैशाख यादीत वसंतात बसलाय. म्हणजे यादी चुकली का? नाही. ती उत्तरेच्या मैदानाला जास्त जुळते, जिथे पाऊस उशिरा पोहोचतो. मुलांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

असं का होतं, ते सूर्यापासून सुरू करू. २१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो, मग रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकत २१ जूनला कर्कवृत्तावर पोहोचतो. कन्याकुमारीला तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच डोक्यावर येतो, बंगळुरूला २४ एप्रिलच्या सुमारास, पनवेलला १५-१६ मेच्या आसपास आणि नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात. दिल्लीला तर तो बरोबर डोक्यावर कधीच येत नाही, तरी दिल्ली आपल्यापेक्षा जास्त तापते. इथे मुलं हमखास अडतात. अडू द्या.

कारण नुसता सूर्य पुरत नाही, पाऊस कधी येतो तेही बघावं लागतं. मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनला, मुंबईकडे ११ जूनला आणि दिल्लीत २७ जूनला पोहोचतो. केरळात मार्च-एप्रिल सगळ्यात तापलेले, कारण सूर्य लवकर येतो आणि मेमध्येच वळवाच्या सरी सुरू होतात. दिल्लीला जून अर्धा उलटला तरी ढग नाहीत, दिवस मोठा आणि राजस्थानकडून येणारे कोरडे वारे. राजस्थानातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. आपल्या राज्यातही हाच फरक दिसतो. पुण्याचं सरासरी कमाल तापमान एप्रिलमध्ये सगळ्यात जास्त असतं, मेमध्ये ते किंचित उतरतं. नागपूर-चंद्रपूरला मात्र मे हाच कळस, सरासरी ४२ च्या पुढे. म्हणून तर विदर्भातल्या शाळा जूनमध्ये आपल्यानंतर उघडतात.

उंचीचं उदाहरण आपल्याला खिडकीतून दिसतं. माथेरान साधारण ८०० मीटर उंच आहे. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश कमी, या हिशेबाने मुलं स्वतःच पाच अंशांचा फरक काढतात. मग लेहचं सांगा: साडेतीन हजार मीटर उंची, सगळ्यात उबदार महिने जुलै-ऑगस्ट, आणि तेव्हाही दुपारचं तापमान २५ च्या आसपास. काश्मीर खोऱ्यात शाळांची मोठी सुट्टी हिवाळ्यात असते, हे ऐकून आमच्या वर्गात बराच वेळ गोंधळ चालला. "मग ते आंबे कधी खातात?" असा एक प्रश्नही आला!

आता आपलं पनवेल. आपला उन्हाळा आकड्यांवरून ओळखता येत नाही. इथे समुद्राचा हात आहे. भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकवतो, पण ते प्रश्नोत्तरातच राहतात. मार्च-एप्रिलमध्ये जमिनीवरून पूर्वेचे कोरडे वारे जोरात असले की खारे वारे दुपारी उशिरा येतात, आणि तोवर पारा चढलेला असतो. सांताक्रूझ वेधशाळेचा उच्चांक ४२.२ अंश आहे, तोही मेमधला नाही, १४ एप्रिल १९५२ चा. मेमध्ये समुद्राचा वारा नियमित होतो, पारा ३३-३४ वर थांबतो, पण हवेत ओल इतकी की घाम वाळतच नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होतं. नागपूरला कूलर उत्तम चालतो आणि पनवेलला लावला तर खोली नुसती दमट होते, त्याचं कारण हेच. आणखी एक गंमत: मुंबई परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबरचं दुपारचं सरासरी तापमान जवळजवळ एप्रिल-मेइतकंच असतं. फरक रात्रीचा.

हवामान खात्याचे निकषही म्हणून वेगळे आहेत. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान किमान ४० हवं, किनारपट्टीवर ३७ पुरतं. दोन्हीकडे ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त हवं.

"मॅडम, ३८ म्हणजे काही फार नाही, गावी ४५ असतं," असं मुलं म्हणतात. पालकही म्हणतात. त्यांना मी १६ एप्रिल २०२३ ची आठवण करून देते. आपल्याच तालुक्यातल्या खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर होता. लाखो माणसं तासन्‌तास उन्हात बसली होती. उष्माघाताने १४ जण गेले. तेव्हा पारा ३८ च्या आसपासच होता.

हा भाग शिकवताना मी घाई करत नाही. चक्कर, डोकेदुखी, मळमळ, मूल असंबद्ध बोलायला लागणं, अंग तापणं ही लक्षणं फळ्यावर लिहिते. मुलाला सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, ओल्या फडक्याने अंग पुसायचं, वारा घालायचा, १०८ ला फोन करायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. आणि आपल्यासाठी एक: मार्चमधली कवायत सकाळच्या पहिल्या तासाला घ्या, खारे वारे यायच्या आधीच्या दुपारी नको.

उपक्रम म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल दर सोमवारी कोची, मुंबई, नागपूर, दिल्ली आणि लेह यांचं कमाल तापमान 'मौसम' अ‍ॅपवरून वहीत लिहायला सांगा, शेजारी आर्द्रताही. सोबत प्रत्येकाने आपल्या गावचा सहावा रकाना करायचा, आकडा आजी-आजोबांना फोन करून ताडून बघायचा. शून्य सावलीचा प्रयोगही छान आहे, पण पनवेलला तो दोनदा येतो: मेच्या मध्यावर, तेव्हा शाळेला सुट्टी, आणि २७-२८ जुलैच्या सुमाराला, तेव्हा आभाळ भरलेलं. त्यामुळे मेमधला प्रयोग पालकांकडेच सोपवावा लागतो. गच्चीवर एक सरळ उभी बाटली ठेवा, दुपारी साडेबारानंतर लक्ष ठेवा, आणि मुलांना टोपी घालायला विसरू नका.