ताडपत्रीखालचा घाणा

प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी आम्हाला एक खेळ खेळायला लावला. हॉलच्या एका टोकाला लाकडी खुंटी. जमिनीवर खडूनं ओढलेल्या पाच रेघा. हातात तीन कड्या. कुठल्याही रेघेवरून टाका, जितक्या लांबून टाकाल तितके गुण जास्त. मी सरळ पाचव्या रेघेवर गेलो. दोन कड्या भिंतीवर आपटल्या, तिसरी खुंटीत बसली. टाळ्या पडल्या. पुढचे सात दिवस मी त्या टाळ्यांवर काढले.

खेळ संपल्यावर सरांनी त्याचा अर्थ सांगितला. उद्योजकाच्या स्वभावाचा माणूस अगदी जवळून टाकत नाही आणि फार लांबूनही टाकत नाही. जिथून चुकेल थोडं, पण लागेल जास्त, अशी मधली रेघ तो धरतो. डेव्हिड मॅक्लेलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं ही मांडणी केली आणि 1964 साली आंध्रातल्या काकिनाड्यात छोट्या व्यापारी-कारखानदारांवर तिचा प्रयोगही केला. त्यातूनच पुढे आपल्याकडच्या उद्योजकता प्रशिक्षणाची वाट निघाली. मी हे वहीत सुंदर अक्षरात उतरवलं. ती वही अजून आहे. त्या पानावर आता तेलाचा डाग पडलाय.

कराड तालुक्यातलं आमचं गाव. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी चाकणला ठेकेदाराकडून एका कारखान्यात लागलो होतो. हातात 16,500 रुपये यायचे, त्यातून खोली, खाणावळ आणि बसभाडं गेलं की घरी पाठवायला पाच-सहा हजार उरायचे. नोव्हेंबर 2021 मध्ये ती नोकरी सोडली आणि डिसेंबरात दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला बसलो. उलट करायला हवं होतं, हे आधीच सांगून टाकतो. प्रशिक्षणाला रजा काढून जाता येतं. नोकरी सोडून गेलं की दहाव्या दिवशी ‘मला हे जमणार नाही’ असं म्हणायची सोय उरत नाही.

प्रशिक्षण वाईट होतं असं मी म्हणणार नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून ठोकळ्यांचा मनोरा रचणं, बाजारपेठ पाहणी, बँक कर्ज देताना काय बघते, सगळं होतं. पण सातव्या दिवसापासून हॉलमध्ये एकच विषय उरला : अनुदान. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या खुल्या गटाला प्रकल्पखर्चाच्या 25 टक्के, शहरात 15. महिला, मागासवर्गीय आणि इतर विशेष गटांना दहा टक्के जास्त. स्वतःचे घालायचे दहा टक्के, विशेष गटांना पाच. चहाच्या सुट्टीत सगळे गणित करत होते. मीही केलं. पाच लाखांचा प्रकल्प केला तर सव्वा लाख अनुदान, दहा लाखांचा केला तर अडीच लाख. मग पाचचा कशाला?

माझा धंदा त्या चहाच्या सुट्टीत ठरला आणि तिथंच फसला. मला लाकडी घाण्याचं तेल काढायचं होतं, त्यासाठी एक घाणा पुरत होता. प्रकल्प दहा लाखांचा व्हावा म्हणून मी दोन घेतले.

प्रकल्प अहवाल करून देणारा मनुष्य तालुक्याला बसतो. त्यानं माझ्याकडून आधार, सातबारा आणि यंत्राचं कोटेशन घेतलं, तीन दिवसांनी चाळीस पानांचा अहवाल हातात दिला. त्यात पहिल्या वर्षी क्षमतेचा वापर 60 टक्के, दुसऱ्या वर्षी 70, तिसऱ्या वर्षी 80. मला तो आकडा वेदवाक्य वाटला. नंतर एका मित्राचा पेव्हर ब्लॉकचा आणि मावसभावाचा पापडाचा अहवाल बघितला, त्यातही 60, 70, 80. सिमेंट असो की उडीद, महाराष्ट्रातला प्रत्येक होतकरू तरुण पहिल्या वर्षी बरोबर साठ टक्केच चालतो! माझ्या अहवालाप्रमाणे दोन घाण्यांचं मिळून रोजचं ऐंशी लिटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे दोन हजार. त्याचे साठ टक्के बाराशे लिटर. हे बाराशे लिटर घेणार कोण, याला चाळीस पानांत एकही पान नव्हतं.

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मात्र विचारलं. अहवाल उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, “आरं, पण ह्ये त्याल घेणार कोण?”

मी म्हणालो, “आप्पा, आता लोक आरोग्याकडं बघायला लागलेत.”

ते काही बोलले नाहीत. आमच्या घरात त्या दिवशी पामतेलाची पिशवीच फोडली होती.

कर्ज जुलै 2022 मध्ये वितरित झालं. पहिले सहा महिने हप्ता नव्हता, आणि मला वाटलं हे सहा महिने धंदा बसवायला मिळालेत. ते वितरणाच्या दिवसापासून मोजले जातात. यंत्र यायला सव्वा महिना. थ्री फेजची जोडणी, अनामत, मीटर यात अडीच महिने, आणि तो खर्चही अहवालात धरलेला नव्हता. पहिलं तेल नोव्हेंबरात निघालं, पहिला हप्ता जानेवारीत दारात. याच धांदलीत एका एजंटानं उद्यम नोंदणीचे माझ्याकडून आठशे रुपये घेतले. ती नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधार, पॅन आणि मोबाईल असला की घरबसल्या. आठशेंचं दुःख नाही, पण फुकट काय आणि विकत काय हे ज्याला माहीत नाही, तो शेंगदाण्याचा भाव काय करणार?

शेंगदाण्याचंही तेच झालं. नवीन माल स्वस्त म्हणून दिवाळीनंतर क्विंटलला साडेनऊ हजारांनी आठ क्विंटल दाणे उचलले. खेळतं भांडवल दीड लाख होतं, त्यातले 76 हजार एका दमात गेले. माल ओलसर होता. जुना घाणेकरी दाणा दाताखाली धरतो. कडकन फुटला तर घेतो, दबला तर ठेवून जातो. मी भाव बघितला, दाणा चावला नाही. महिन्याभरात तीनेक क्विंटलला बुरशी धरली. बुरशीच्या दाण्याचं तेल गाळलं तरी खाण्याजोगं राहत नाही, आणि ते विकायचं नाही एवढी अक्कल होती म्हणून फेकून दिलं. उरलेल्यातल्या काही बाटल्या खवट लागल्याची तक्रार आली, त्या परत घेतल्या.

पहिल्या महिन्यात 140 लिटर तेल गेलं. मी आनंदात होतो. दुसऱ्या महिन्यात 60, तिसऱ्यात 45. पहिल्या महिन्याचं गिऱ्हाईक हे गिऱ्हाईक नसतं, तो आहेर असतो. मामा, आत्या, शाळेतले मास्तर, सोसायटीचे सचिव सगळ्यांनी एकेक बाटली नेली. पुन्हा आले नाहीत. कुणी म्हणे, वास येतो. कुणी म्हणे, कढईत फेस येतो. तळाला गाळ दिसला की भेसळीचा संशय. आणि निम्म्यांनी पैसेच दिले नव्हते. पाव्हण्याला तेल उधार दिलं की तेलही जातं आणि पाव्हणाही, कारण पैसे द्यायचे राहिले म्हणून तो रस्ता बदलतो. माझ्या वहीत तेव्हा 23 हजारांची उधारी होती. तेरा हजार अजून आहेत. ते आता मी मागत नाही.

मग एका रात्री मी स्वतःसाठी हिशेब केला. बँकेसाठी नाही. तो असा. एक लिटर तेलाला अडीच किलो दाणे. किलोला 110 धरले तर 275 रुपये. दीड किलो पेंड उरते, ती 35 रुपयांनी गेली तर बावन्न-त्रेपन्न परत. म्हणजे कच्चा माल 223. वीज, बाटली, लेबल, मजुरी मिळून 40. झाले 263. विक्री 320. हातात 57. आता महिन्याचं घ्या : हप्ता 14 हजार, गाळ्याचं भाडं चार हजार, घरखर्च बारा हजार. एकूण तीस हजार. त्याला 57 नं भागा. महिन्याला सव्वापाचशे लिटर, रोज वीस लिटर विकलं तर मी शून्यावर उभा राहतो. मी विकत होतो रोज दोन लिटर.

हा हिशेब एका पानाचा आहे आणि वीस मिनिटांत होतो. तुम्ही कापडी पिशव्या शिवणार असा, मोबाईल दुरुस्त करणार असा, की शेळ्या पाळणार असा, अर्ज भरण्याआधी हे एक पान लिहा. त्यात घरखर्च धरायचा. माझ्या अहवालात मालकाच्या पोटाला काही लागतं असं गृहीतच नव्हतं. आणि उत्तरात जो आकडा येईल, रोज वीस लिटर किंवा रोज नऊ मोबाईल, तो घेऊन बाजारात चार दिवस उभं राहायचं. तेवढी माणसं मोजून दिसतात का बघायचं.

फेब्रुवारी-मार्चचे हप्ते थकले. 90 दिवस थकलं की खातं बुडीत कर्जात जातं, पुढे कुठलीच बँक दारात उभं करत नाही. आईच्या पाटल्या सोनेतारणाला गेल्या. घर बायकोच्या शिवणकामावर चाललं. मी सकाळी घाणा आणि संध्याकाळी कराडला एका मेडिकलमध्ये काउंटरवर.

त्या काळात वाटलं, दुसरा घाणा विकून टाकू, दोन लाख सुटतील. चौकशी केली तेव्हा अनुदानाचा खरा अर्थ कळला. ते अडीच लाख माझ्या हातात कधी आलेच नव्हते. तीन वर्षं ते बँकेत माझ्या कर्जापोटी ठेव म्हणून बाजूला राहतात. त्यावर व्याज मिळत नाही, तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी युनिट चालू आहे हे बघून मग ते कर्जात वळते होतात. मध्येच धंदा बंद पडला तर अनुदान परत. आणि यंत्र बँकेकडे तारण, ते परस्पर विकता येत नाही. हे सगळं मी सही केलेल्या कागदांत होतं. मी सही करताना शेवटचं पान शोधत होतो.

तर दुसऱ्या घाण्यावर ताडपत्री टाकली. त्यावर कोंबड्या बसू लागल्या.

वाट सापडली ती अचानक. गावातली एक म्हातारी तिच्या शेतातले दहा किलो दाणे घेऊन आली, म्हणाली, “माझं मला काढून दे, पैसं घे.” किलोला पंधरा रुपये घेतले. समोर बसून तिनं आपल्या दाण्याचं तेल निघताना बघितलं, पेंड म्हशीला नेली. तिला भेसळीचा संशय यायला जागाच नव्हती. पुढच्या आठवड्यात तिच्या वाडीतल्या चार जणी आल्या. मग तीळ, करडई, जवस. माझं भांडवल अडकत नाही, उधारी होत नाही, माल ओला असेल तर मी परत पाठवतो. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रांना मुंबईकर येतात, ते पाच-पाच लिटरचे डबे भरून नेतात, रोखीनं. दिवसाला सरासरी साठ किलो दाणे येतात. श्रीमंत झालो नाही, पण संध्याकाळची मेडिकलची नोकरी सुटली आणि पाटल्या घरी आल्या.

आता मनाला लागतं ते एवढंच की असा मजुरीवर तेल काढून देणारा घाणा कराडमध्ये 2021 सालीही होता. तिथं दर आठवड्याला वीस किलो दाणे नेऊन, मजुरी देऊन, तेल बाटलीत भरून मी वर्षभर विकू शकलो असतो. चाकणची नोकरी न सोडता. कोण परत येतं, कोण येत नाही, फेसाची तक्रार कोण करतं, सगळं कळलं असतं. फार तर मुद्रा योजनेतलं ‘शिशु’ कर्ज, त्याची मर्यादा 50 हजार, बाटल्या आणि दाण्यांना पुरलं असतं. यंत्र शेवटी घ्यायचं असतं. मी यंत्रापासून सुरुवात केली, कारण कर्ज यंत्राला मिळतं, गिऱ्हाइकाला मिळत नाही.

प्रशिक्षणाला जाणाऱ्यांना आणखी एक सांगतो. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र घेऊन निघून येऊ नका. प्रत्येक जिल्ह्यात एखादी बँक ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालवते. 1982 साली कर्नाटकात उजिरे इथं सुरू झालेल्या संस्थेचा तो नमुना. तिथं राहणं-जेवणं मोफत, आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करणं हे त्यांच्या कामात मोडतं. तो पाठपुरावा मागून घ्या, फोन करून पिच्छा पुरवा. माझ्या प्रशिक्षणातले सर मला एकदाच बाजारात भेटले. काय चाललंय विचारलं. मी “मस्त” म्हणालो. लाज वाटली म्हणून. खरं सांगितलं असतं तर कदाचित तेव्हाच कुणीतरी तो एका पानाचा हिशेब करायला लावला असता.

मागच्या वर्षी पडताळणी झाली, फलकासमोर उभं राहून फोटो काढले गेले, अनुदान कर्जात वळतं झालं. दुसरा घाणा विकायला बँकेचीही आता हरकत नाही. तो अजून ताडपत्रीखालीच आहे, कारण विचारायला येतात ती बहुतेक पोरं हातात प्रकल्प अहवाल घेऊन येतात, आणि मी अहवाल उघडून पहिल्या वर्षाची टक्केवारी बघतो. साठ असते. त्यांना म्हणतो, घाणा कुठं पळून जात नाही, आधी वीस किलो दाणे घेऊन ये, माझ्याकडं काढ आणि तेल विकून दाखव. बरेच जण रागावून जातात. मसूर गावाच्या बाजूचा एक पोरगा मार्चमध्ये खरंच वीस किलो घेऊन आला होता. परवा पुन्हा आला. या वेळी पोत्यात पन्नास किलो होते, आणि त्यातला एक दाणा त्यानं माझ्यासमोर चावून दाखवला.